खेळांतील विश्वासघात

नीतिशास्त्राच्या ग्रंथांत खेळाला फारशी जागा दिलेली आढळत नाहीं. खोटें बोलणें, ठेव बुडविणें, मित्राचा घात करणें हीं दुष्कृत्यें होत, याविषयीं जगांतील बहुतेक धर्मांचें आणि तत्त्वज्ञांचें एकमत आहे. परंतु हींच कृत्यें खेळाच्या आवारांत घडलीं म्हणजे त्यांना काय म्हणावयाचें, हा प्रश्न बहुधा हंसून सोडून दिला जातो. कबड्डींत हुलकावणी देणाऱ्या गड्याला कोणी लबाड म्हणत नाहीं. बुद्धिबळांत मुद्दाम प्यादें मारूं देऊन प्रतिपक्षाचा वजीर पकडणाराची आपण वाहवाच करतों. 'खेळ तो खेळ' एवढ्या तीन शब्दांत या बाबतींतला आपला सारा विचार संपतो. तो इतक्यांत संपूं नये असें वाटावयास लावणारा एक खेळ या शतकाच्या आरंभीं निघाला. त्याच्याविषयीं तो खेळणारांचीं मतें परस्परांहून फार भिन्न आहेत, आणि तीं मांडतांना त्यांनीं नकळत नीतिशास्त्रांतील पुष्कळ जुने प्रश्न उकरून काढले आहेत. त्यांचा परामर्श घेण्याचा येथें विचार आहे.

अवकाशयुद्धाचे खेळ तसे नवे नव्हत. १९६२ सालीं अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेंतील तरुणांनीं 'स्पेसवॉर' नांवाचा खेळ संगणकावर रचला. त्यांत दोन माणसें एकाच पडद्यासमोर बसून आपापलें जहाज चालवीत आणि एकमेकांवर मारा करीत. १९८४ सालीं इंग्लंडांत निघालेल्या 'एलीट' या खेळांत अवकाशाचा विस्तार आला, व्यापार आला, चांचेगिरीहि आली. पण खेळणारा एकटाच असे आणि त्याचे शत्रु व गिऱ्हाइकें हीं यंत्रानेंच निर्मिलेलीं असत. पहिल्या खेळांत डावपेंच होते, दुसऱ्यांत लूटहि होती. परंतु विश्वासघात दोहोंतहि संभवत नव्हता. समोरचा प्रतिस्पर्धी हा प्रतिस्पर्धी म्हणूनच ठाऊक असे. आणि यंत्राचा विश्वासघात कोणालाच करतां येत नाहीं, कारण यंत्र कोणावर विश्वासच टाकीत नाहीं.

६ मे २००३ रोजीं आइसलंडमधील सीसीपी या कंपनीनें 'ईव्ह ऑनलाइन' हा खेळ सुरू केला, आणि ही स्थिति पालटली. या खेळांत सात हजारांहून अधिक तारामंडळांचें एक काल्पनिक विश्व आहे, आणि चीनमधील निराळी व्यवस्था सोडली तर जगांतील सारे खेळाडू त्या एकाच विश्वांत वावरतात. तेथें खाणी खणतां येतात, कारखाने चालवितां येतात, 'इस्क' नांवाच्या खेळांतल्या नाण्यांत व्यापार करतां येतो, आणि शेंकडों हजारों लोकांचे संघ बांधून राज्यें मिळवितां येतात. जहाज एकदां नष्ट झालें कीं तें गेलें; तें मिळविण्यासाठीं घातलेले महिने परत येत नाहींत. मुख्य गोष्ट ही, कीं संघांतील सहकाऱ्यानें भांडार लुटलें, करार मोडला किंवा शत्रूला गुपित विकलें, तर कंपनी त्यांत पडत नाहीं. कंपनीच्या नोकराचें सोंग घेणें, खेळांतलें नाणें खऱ्या पैशाला परस्पर विकणें अशीं कांहीं कृत्यें निषिद्ध आहेत. बाकी कपटाला मोकळीक आहे. न्यूयॉर्कच्या म्यूझियम ऑफ मॉडर्न आर्ट या संस्थेनें २०१२ सालीं आपल्या संग्रहासाठीं जे पहिले खेळ निवडले, त्यांत हाहि होता.

या मोकळिकीचा अर्थ २००५ सालीं सर्वांच्या ध्यानांत आला. भाडोत्री मारेकऱ्यांच्या एका टोळीनें एका संघाच्या प्रमुखाला संपविण्याची सुपारी घेतली. टोळीचीं माणसें जवळजवळ वर्षभर त्या संघांत राहिलीं, राबलीं, वर चढलीं, आणि त्यांतील एक तर त्या प्रमुखाचा उजवा हात होऊन बसला. ठरल्या क्षणीं इशारा झाला. प्रमुखाचें दुर्मिळ जहाज त्याच विश्वासू साथीदाराच्या मदतीनें नष्ट करण्यांत आलें आणि संघाचीं भांडारें एकदमच रिकामीं करण्यांत आलीं. नुकसान सुमारें तीस अब्ज इस्कांचें होतें. त्या वेळच्या बाजारभावानें त्याची किंमत सोळा हजार डॉलरांच्या वर होत असे. नियम एकहि मोडला नव्हता. कंपनीनें कोणाला शिक्षा केली नाहीं.

या व अशा प्रसंगांवर खेळाडूंत जे वाद झाले, त्यांत तीन पक्ष स्पष्ट दिसतात. पहिला पक्ष म्हणतो, नियम सर्वांना ठाऊक होते. ठाऊक असून जो आंत आला त्यानें फसविलें जाण्याला संमति दिलीच आहे. दुसरा म्हणतो, जहाजें खोटीं असतील, पण वर्षभराची मैत्री खोटी नव्हती. लुटला गेला तो माणूस होता. तिसरा पक्ष सर्वांत चतुर आहे. तो म्हणतो, जेथें घात अशक्य आहे तेथें विश्वासाला किंमतच नाहीं. म्हणून कपटाची मोकळीक हीच या खेळांतील निष्ठेची जननी होय.

पहिल्या पक्षाचा आधार संमति हा आहे, आणि तो पोकळ नाहीं. हुलकावणी आपण क्षम्य मानतों ती याचसाठीं, कीं दोन्ही गड्यांनीं ती आधींच मान्य केलेली असते. पण संमति कशाला दिली, हें पाहिलें पाहिजे. ब्रिजच्या खेळांत एखादें पान टाकून प्रतिपक्षाची दिशाभूल करणें सर्वमान्य आहे. भिडूला चोरून खुणा करणें मात्र अत्यंत निंद्य मानतात. दोन्हीकडे फसवणूक आहे. भेद इतकाच, कीं पहिली डावाच्या आंतली आहे आणि दुसरी डावाच्याच मुळावर येणारी आहे. तेव्हां 'फसवणुकीला संमति' हें वाक्यच अपुरें आहे. शिवाय, नियमांत बसणें आणि योग्य असणें या दोन गोष्टी एक नव्हत, हें महाभारताच्या वाचकांस निराळें सांगावयास नको. युधिष्ठिर द्यूताला स्वतःच्या पायांनीं चालत गेला होता. पण लावला एवढ्यावरून आपणास दिलेली वागणूक न्याय्य ठरते काय, असें द्रौपदीनें विचारलें तेव्हां भीष्मासारख्या धर्मज्ञालाहि उत्तर देतां आलें नाहीं. नियमानें फार तर शिक्षा टळते. दोष टळतोच असें नाहीं.

यावर पहिला पक्ष म्हणेल, कीं द्यूतांत राज्य गेलें. येथें गेलीं तीं खेळण्यांतलीं नाणीं. या उत्तराची परीक्षा २००९ सालीं झाली. खेळाडूंनीं खेळांतच एक पेढी काढली होती आणि पुष्कळांनीं तिच्यांत ठेवी ठेविल्या होत्या. पेढीच्या मुख्य चालकानें सुमारें दोनशें अब्ज इस्क काढून घेतले आणि घरच्या अडचणींपायीं खऱ्या पैशाला विकले. ठेवीदारांची एकच धांवपळ उडाली. कंपनीनें त्या चालकाला खेळांतून घालवून दिलें, परंतु कशासाठीं? ठेवी उचलल्याबद्दल नव्हे, तर इस्क बाहेर विकल्याबद्दल! ठेव बुडविली हें नियमांत बसत होतें. विक्री बसत नव्हती. कंपनीच्या दृष्टीनें हा निवाडा सुसंगत आहे. तिला आपल्या विश्वाची सीमा राखावयाची आहे, आणि ती सीमा तिनें पैशापाशीं आंखली आहे. पण ठेवीदाराला जाऊन विचारा. चोरलेले इस्क चालकानें विकले असते काय, किंवा खेळांतच उधळले असते काय, त्याचें दुःख तेवढेंच राहिलें असतें. पैसा ही सीमा हिशेबाला सोईची आहे. सदसद्विवेकाची सीमा ती नव्हे.

मग ती कोठें आहे? डच इतिहासकार योहान हुइझिंगा यानें १९३८ सालीं प्रसिद्ध केलेल्या 'होमो लुडेन्स' या ग्रंथांत खेळाचें स्वरूप एका मंतरलेल्या वर्तुळासारखें वर्णिलें आहे. वर्तुळाच्या आंत निराळे नियम चालतात. बाहेर पडलें कीं ते गळून पडतात. तो पुढें असेंहि सांगतो, कीं लबाड खेळाडूपेक्षां खेळमोड्याचा लोकांना अधिक राग येतो. कारण लबाड हा निदान वर्तुळ मानल्याचें तरी दाखवितो, खेळमोड्या तें वर्तुळच पुसून टाकतो. हा विचार आपल्या प्रश्नाला लावून पाहूं. शत्रूच्या संघांत शिरलेला हेर जर तेथें जहाजें बांधतो, आज्ञा पाळतो आणि मोक्याच्या क्षणीं दार उघडतो, तर त्यानें जें वापरलें तें सारें वर्तुळाच्या आंतलें आहे. त्याला गनिमी कावा म्हणा, तो खपेल. पण त्याच संघांतील लोक रात्र रात्र बोलत असतात. एखाद्याची नोकरी गेलेली असते, एखाद्याच्या घरीं आजारपण असतें, तें तो सोबत्यांजवळ बोलून दाखवितो. त्या बोलण्यावर खोटी सहानुभूति दाखवून जो पुढें भांडाराची किल्ली मिळवितो, त्यानें वर्तुळाबाहेरचें भांडवल चोरून आंत आणलें आहे. रंगभूमीवर रावण होणाऱ्या नटाशीं त्याची तुलना कोणी करतात. ती टिकत नाहीं. प्रेक्षकांना नाटक चाललें आहे हें ठाऊक असतें, येथें मित्राला तेवढेंच ठाऊक नसतें.

खेळाडूंच्या लोकमतानेंहि पुढें हीच सीमा ओळखली. २०१४ सालीं एका फसविल्या गेलेल्या खेळाडूला त्याची संपत्ति परत मिळण्याची आशा दाखवून, ध्वनिसंवादावर बराच वेळ नाचवून, त्याचा संताप अनावर होईपर्यंत छळण्यांत आलें. हा प्रकार उघड झाला तेव्हां, नाण्यांची फसवणूक खपवून घेणाऱ्या पुष्कळांनींहि 'हें मात्र नव्हे' असें म्हटलें. आणि खऱ्या माणसाचा छळ सहन केला जाणार नाहीं, असें कंपनीला जाहीर करावें लागलें. त्या दिवशीं सीमा पैशापासून निघून माणसापाशीं आली, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

आतां तिसरा पक्ष. त्याच्या म्हणण्यांत सत्यांश आहे हें प्रांजलपणें कबूल केलें पाहिजे. ज्या घराला कुलुपाची गरजच पडत नाहीं त्या घरांतल्या नोकराचा प्रामाणिकपणा कसोटीला लागत नाहीं. या खेळांत निष्ठा कसोटीला लागते, आणि ती पुष्कळदां उतरते. शॉन स्मिथ हे अमेरिकेच्या परराष्ट्रखात्यांतील कर्मचारी या खेळांतहि एका मोठ्या संघाची वकिली करीत. ११ सप्टेंबर २०१२ रोजीं लीबियांतील बेनगाझी येथील हल्ल्यांत ते मारले गेले, तेव्हां मित्रांनींच नव्हे तर खेळांतल्या वैऱ्यांनींहि आपल्या अवकाशस्थानकांना त्यांचीं नांवें दिलीं. हें प्रेम खोटें होतें असें कोण म्हणेल? पण या पक्षाचा निष्कर्ष त्याच्या आधारापेक्षां मोठा आहे. चोरीचा संभव आहे म्हणून राखणदाराला मोल येतें, हें खरें. म्हणून चोराचा सत्कार करावा, हें त्यांतून निघत नाहीं. मोकळीक असावी, हें एक विधान. ती वापरणारा निर्दोष आहे, हें अगदीं दुसरें विधान. पहिलें मान्य करून दुसरें नाकारतां येतें, आणि माझ्या मतें तसेंच केलें पाहिजे. किंबहुना हा पक्ष खरा असेल तर मोकळीक ही प्रामाणिकांच्या परीक्षेसाठीं आहे. आणि परीक्षेंत नापास झालेल्याला परीक्षेच्या उपयुक्ततेचा आधार घेतां येत नाहीं.

आणखीहि एक गोष्ट या पक्षाच्या नजरेंतून सुटते. २७ व २८ जानेवारी २०१४ रोजीं या खेळांत एक प्रचंड युद्ध झालें. एका मंडळावरील ताब्याचा हप्ता भरावयाचा राहून गेला, एवढें निमित्त. सुमारें एकवीस तास लढाई चालली, साडेसात हजारांहून अधिक खेळाडू तींत उतरले, आणि 'टायटन' नांवाचीं पंचाहत्तर महाकाय जहाजें नष्ट झालीं. एक टायटन बांधावयास पुष्कळ माणसांचे पुष्कळ दिवस लागतात. वर्तमानपत्रांनीं या संहाराचीं वर्णनें छापलीं. पण संहाराच्या आधीं तें सारें उभें कसें राहिलें, याचा विचार थोड्यांनीं केला. हजारों अनोळखी माणसें एकमेकांच्या शब्दावर विसंबून नेमल्या वेळीं नेमल्या जागीं आलीं, म्हणून तें युद्ध झालें. हेराच्या एका यशासाठींसुद्धां आधीं शेंकडों माणसांचा विश्वास सांचलेला असावा लागतो. घात करणारा त्या ठेवींतून काढतो. तींत भर घालीत नाहीं.

अशा खेळांनीं तरुण पिढी खऱ्या जीवनांत चोर बनेल, असें भय दाखविण्याचा माझा हेतु नाहीं. तसें म्हणावयास मला आधार दिसत नाहीं. मैत्री आणि डाव यांची सरमिसळ कोठें सुरू होते, हें प्रत्येक प्रसंगीं बाहेरून सांगणेंहि कठीण आहे. परंतु ज्याचें त्याला तें कळतें. त्यासाठीं एक साधी कसोटी पुरेशी आहे: डाव संपल्यावर, ज्याला हरविलें त्याच्यासमोर बसून आपण काय काय केलें तें सारें आपणांस सांगतां येईल काय, आणि ऐकून तो हंसूं शकेल काय? बुद्धिबळाचा पट आवरतांना हें रोज घडतें. वर्षभराच्या खोट्या मैत्रीनंतर तें घडणें अवघड आहे.

आपल्या घरांतील मुलेंहि आज पडद्यापलीकडल्या अनोळखी सोबत्यांबरोबर असे खेळ खेळत असतात. तीं किती तास खेळतात, डोळे बिघडतील काय, अभ्यास मागें पडेल काय, एवढेंच आपण विचारतों. हे प्रश्न योग्यच आहेत. पण त्यांबरोबर आणखी एक विचारावा: 'तुझ्यावर भरंवसा ठेवून तेथें कोण खेळतो, आणि त्याला दिलेला शब्द तूं पाळलास काय?' मुलाला या प्रश्नाचें उत्तर देतां आलें, तर त्याचा तो वेळ अगदींच वायां गेला असें मी म्हणणार नाहीं.