गरजेपलीकडचं लाकूड

"नेम नळीचा असतो, दस्त्याचा नाही. मग अक्रोडाचं लाकूड कशाला?" शहागंजच्या क्लॉक टॉवरपाशी चहा घेताना एका मित्राने माझ्या एअर रायफलबद्दल हे विचारलं आणि तो प्रश्न तेव्हापासून मनात सलतो आहे. मित्राचं आयुष्य कारखान्यात गेलं. वस्तूने काम करावं, बाकी सगळा दिखावा, असं त्याचं पक्कं मत. कागदाला भोकं पाडायची तर प्लॅस्टिकचा दस्ताही पुरे, असं तो म्हणतो.

कर्णपुऱ्याच्या यात्रेत ज्याने फुगे फोडले आहेत, त्याला एअर रायफल समजावून सांगायला नको. त्याच जातीच्या बंदुकीने अंजली भागवत २००० साली सिडनी ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीत पोचल्या आणि २०२२ मध्ये ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील कैरोत जगज्जेता झाला. दहा मीटरवरच्या त्या लक्ष्यात दहा गुणांचा ठिपका जेमतेम अर्धा मिलिमीटरचा असतो.

माझ्याकडची बंदूक जुनी, जर्मन बनावटीची फाइनवेर्कबाऊ ३००. स्प्रिंगवर चालणारी, दस्ता अक्रोडाचा. स्प्रिंगच्या बंदुकीचा धक्का विचित्र असतो. चाप ओढला की आतला पिस्टन पुढे झेपावतो, त्यामुळे बंदूक मागे येते. पिस्टन दाबलेल्या हवेवर अडला की ती पुढे जाते. एवढं होईपर्यंत छर्रा अजून नळीतच असतो. म्हणून साधी स्प्रिंगची बंदूक आवळून धरली की नेम हुकतो. ती सैल आणि दर वेळी अगदी तशीच धरावी लागते. या बंदुकीच्या कारागिरांनी वेगळीच वाट काढली. नळीसकट सगळी यंत्रणा त्यांनी दस्त्यातल्या रुळांवर बसवली. धक्का बसला की यंत्रणा सरकते, खांद्याला आणि गालाला टेकलेलं लाकूड जागचं हलत नाही. नेम एकट्या नळीचा असता, तर एवढा खटाटोप कोणी केला नसता.

अक्रोड निवडला त्यालाही कारणं आहेत. हे लाकूड चिवट, धक्क्याने सहसा न तडकणारं. नीट वाळवलं की दमट हवेत फारसं फुगत नाही. मराठवाड्यातल्या मे महिन्यात गालाला धातूसारखं चटकत नाही. मूठ जिथे धरायची, तिथे रेषा सरळ जाणारा तुकडाच घ्यावा लागतो, नाहीतर दस्ता तिथेच मोडतो. जवसाचं तेल चोळावं, रात्रभर मुरू द्यावं आणि सकाळी कापडाने पुसून घ्यावं. मग आतला तपकिरी रंग उजळून वर येतो. हा आनंद मला दिखाव्याचा कधीच वाटला नाही.

म्हणून मी वस्तूंचे दोन वर्ग करत आलो: घडवलेल्या आणि सजवलेल्या. दौलताबादच्या किल्ल्यावरची मेंढा तोफ सजवलेली. मागच्या टोकाला मेंढ्याचं मुंडकं कोरलं, म्हणून गोळा हातभरही लांब जात नाही. माझी बंदूक मात्र घडवलेली, कारण तिचं सौंदर्य तिच्या कामातून आलं आहे. मित्राला हेच उत्तर द्यायचं मी ठरवलं होतं.

पण हे उत्तर टिकत नाही. आजचे नेमबाज दाबलेल्या हवेच्या रायफली वापरतात. त्यांत स्प्रिंगचा धक्का नाही, दस्ते बहुधा ॲल्युमिनियमचे, आणि गालाची व खांद्याची पट्टी नेमबाजाच्या अंगाप्रमाणे वरखाली करता येते. सौंदर्य कामातून येत असेल, तर माझ्या अक्रोडाचे दिवस संपले म्हणायचे. आणखी अडचण म्हणजे, दस्त्याच्या मागच्या भागातल्या ज्या काळपट, नागमोडी रेषांवर माझा जीव आहे, त्या नेमाला काहीच मदत करत नाहीत. कोणीतरी त्या डोळ्यांसाठी निवडल्या. म्हणजे मेंढ्याचं मुंडकं माझ्याही बंदुकीवर आहेच.

इथे मला आपल्या शहराची हिमरू आठवते. कापूस आणि रेशीम यांच्या या विणीत नक्षीसाठी जादा धागे घालतात. नक्षी वर दिसते. तेच धागे मागच्या बाजूला सुटे राहून मऊ थर तयार होतो आणि त्याने शालीला ऊब येते. यातलं घडवणं कुठे संपलं आणि सजवणं कुठे सुरू झालं? हिमरूने ती रेषा कधी आखलीच नाही. मग ती मी बंदुकीवर तरी का आखावी?

म्हणून मी माझी जुनी विभागणी सोडून देतो. मित्र म्हणतो ते एवढ्यापुरतं खरं की त्या रेषांची गरज नव्हती. मात्र गरज संपल्यावरही कारागिराने थांबून एक चांगला तुकडा शोधला, आणि मला आनंद होतो तो नेमका त्या थांबण्याचा. मित्राच्या हिशेबात या वेळेला रकाना नाही. तोच हिशेब बाजाराने धरला, म्हणून यंत्रमागावरची नक्कल हिमरूच्या नावाने खपते आणि हातमागावर बसणारे कमी होत जातात. देखणी वस्तू घरी आणणाऱ्याने तिची किंमत मोजताना हा जादा वेळही मोजावा, घासाघीस करून तो कापून घेऊ नये. तो मोजायची तयारी नसेल, तर प्लॅस्टिकचा दस्ता खरंच पुरेसा आहे.