अमानत आणि काही तासांची मुदत

मानवी शरीर ही अल्लाहची अमानत आहे, याविषयी आपल्यात दुमत नाही. मतभेद पुढे सुरू होतो. ज्याच्याकडे ही अमानत सोपविली आहे, त्याला तिच्यातील मूत्रपिंड किंवा यकृत दुसऱ्याला देता येईल काय? हा प्रश्न सामान्य कुटुंबांपर्यंत येऊन पोहोचला, त्यामागे एका द्रावणाचा मोठा वाटा आहे.

शरीराबाहेर काढलेला अवयव थंड ठेवला की त्याची प्राणवायूची गरज घटते. परंतु त्याच थंडीत पेशींतील क्षारांचा तोल बिघडतो, पाणी आत शिरते आणि पेशी फुगून निकामी होतात. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात बेल्झर आणि साउदर्ड यांनी १९८० च्या दशकात यावर तोड काढली. पेशीच्या आवरणातून सहजी आत न जाणारे मोठे रेणू त्यांनी द्रावणात मिसळले. ते पाण्याला बाहेरच रोखून धरतात. पूर्वी सहा-आठ तासांत बसवावे लागणारे यकृत त्यामुळे अर्धा दिवस आणि त्याहूनही अधिक टिकू लागले. बर्फाच्या पेटीतील हृदयाची मुदत मात्र चार ते सहा तासांचीच राहिली.

दफनविधीत विलंब नको, ही आपली शिकवण. अवयव आपल्या वाटेने दूरच्या शहरी जाऊ शकतो, म्हणून तो काढून झाल्यावर मय्यतीला त्याच्यासाठी ताटकळावे लागत नाही. विटंबनेचा आक्षेप याहून गंभीर आहे. मृताचे हाड मोडणे जिवंताचे हाड मोडण्यासारखेच आहे, अशा आशयाची हदीस आहे आणि भारतीय उपखंडातील अनेक उलेमांनी मृत्यूनंतरचे अवयवदान नाकारले आहे. दुसरीकडे, इस्लामी देशांच्या संघटनेच्या फिकह अकादमीने १९८८ मध्ये जेद्दाह येथे मृताच्या किंवा वारसांच्या संमतीने ते अनुज्ञेय ठरविले. विक्री मात्र निषिद्धच. एका जीवाच्या रक्षणाला सूरह माइदाने जे मोल दिले आहे, ते पाहता आम्हांस हाच पक्ष सबळ वाटतो. तुच्छतेने हाड मोडणारा हात आणि अदबीने टाके घालून देह परत करणारा हात, यांना एकाच मापाने कसे मोजावे?

जो देणेही नाकारतो आणि घेणेही, त्याच्या निष्ठेचा आदर केला पाहिजे. पण आपल्या लेकरासाठी यकृताच्या प्रतीक्षायादीत नाव नोंदवायचे आणि देण्याची वेळ आली की शरीर अमानत असल्याचे सांगायचे, याला कोणत्या फिकहचा आधार आहे?

भारतातील १९९४ च्या कायद्यानुसार अवयवांची विक्री हा गुन्हा आहे आणि मेंदूमृत्यूनंतर जवळच्या नातलगांना संमती विचारली जाते. अतिदक्षता विभागाबाहेर एक भाऊ सवाब म्हणतो, दुसरा हराम. थोरला मुलगा इमामसाहेबांना फोन लावतो. ते मसला समजावून सांगतील. पण वडिलांची इच्छा काय होती, हे त्यांना कोठून ठाऊक असणार?