जागेचा रकाना

नाशिक जिल्ह्यातल्या प्राण्यांची यादी करायला बसले की निफाडच्या उसातला बिबट्या आणि येवल्याकडच्या ममदापूरचा काळवीट एकाखाली एक येतात. कागदावरचे हे शेजारी. प्रत्यक्षात एकाला दाट आडोसा लागतो, दुसऱ्याला उघडे माळरान. सुरगाण्याचा पाऊस आणि नांदगावची कोरड एका जिल्ह्यात बसवली ती कारभाराच्या सोयीने. १८६९ मध्ये नाशिक जिल्हा झाला, तेव्हा मालेगाव-बागलाणकडचा मुलूख खानदेशातून इकडे आला. पाखरांना कुणी विचारले नव्हते.

तरीही प्रदेशवार याद्या मला मोलाच्या वाटतात. मात्र त्यांत नावाच्या रकान्याहून जागेचा रकाना नीट भरलेला हवा. नाव पुढे सुधारता येते. जागा चुकीची लिहिली गेली, तर ती दुरुस्त करायला तिथे हजर असलेला माणूस क्वचितच उरतो.

याचा दाखला आपल्या उत्तरेला, खानदेशातच आहे. जेम्स डेव्हिडसन हा ब्रिटिश सनदी अधिकारी पक्ष्यांचा जाणकार होता. पश्चिम खानदेशातल्या पक्ष्यांची यादी त्याने १८८२ च्या सुमारास छापली. याच मुलखात, शहादा-तळोद्याकडे, त्याने रानपिंगळा या छोट्या घुबडाचे नमुने गोळा केले आणि प्रत्येकाला जागेची चिठ्ठी बांधली. १८८४ नंतर हा पिंगळा कुणाला खात्रीने दिसला नाही. मग पक्ष्यांचे नमुने जमवणारे कर्नल माइनर्ट्झहागेन यांच्या संग्रहात एक नमुना निघाला. चिठ्ठीवर गुजरातमधले मांडवी आणि साल १९१४. लोकांनी गुजरातेत शोध घेतला, हाती काही लागले नाही. लागणार कसे? पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी तो नमुना तपासला, तेव्हा कळले की तो डेव्हिडसनचाच होता. चोरून, पुन्हा भरून त्याला खोटी चिठ्ठी बांधलेली. मेलेल्या पक्ष्याने खोटी साक्ष दिली, किंवा त्याच्याकडून ती देववली गेली. त्या चिठ्ठीपायी शोधाची कित्येक वर्षे भलत्याच रानात गेली.

रासमुसेन आणि त्यांच्या साथीदारांनी मांडवी बाजूला ठेवून जुन्या, प्रामाणिक चिठ्ठ्यांवरच्या जागा धुंडाळल्या. नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी, भर दिवसा, बिनपानांच्या झाडावर रानपिंगळा बसलेला सापडला. मधे ११३ वर्षे गेली होती. पक्षीतज्ज्ञ ह्यूमने १८७३ मध्ये रानपिंगळ्याच्या शास्त्रीय नावात घातलेला हेटेरोग्लॉक्स हा शब्दही पुढे बदलून अथीनी झाला. त्याने शोधाचे काही अडले नाही.

नांदूर मध्यमेश्वरला, जिथे गोदावरी आणि कादवा मिळतात, हिवाळ्यात पक्षी मोजायला येणाऱ्या हौशी मंडळींच्या वह्यांत म्हणूनच मी आधी जागेचा रकाना पाहतो. नुसते ‘नाशिक’ असेल तर मन खट्टू होते. ‘चापडगाव, बंधाऱ्याच्या वरची बाजू, सकाळ’ असे असेल, तर पुढे थापट्या आहे की तलवार बदक, यावर सावकाश वाद घालता येतो.

अर्थात बरोबर लिहिलेली जागाही माणसाला बांधून ठेवते. रानपिंगळा म्हणजे सातपुडा आणि मध्य भारत, असे पक्के झाल्यावर सह्याद्रीत त्याला कोण शोधणार? २०१४ मध्ये तो मुंबईपासून फार लांब नसलेल्या तानसाच्या जंगलात निघाला.