मोकळे करणाऱ्याच्या आसनावर कोणास बसवावे?

'पॅरोल' हा शब्द कानी पडला म्हणजे आपल्या खानदेशातील मनुष्यास पारोळे गावाची आठवण व्हावी हे साहजिक आहे. परंतु दोहोंचा काही संबंध नाही. हा शब्द फ्रेंच भाषेतून आला असून त्याचा अर्थ केवळ 'शब्द', म्हणजे दिलेले वचन, इतकाच आहे. युद्धात धरलेला शिपाई पुन्हा शस्त्र न उचलण्याचा शब्द देई आणि त्या शब्दावर त्यास सोडीत. आज घरी आजार, मरण किंवा लग्न असता कैद्यास काही दिवसांची जी रजा मिळते तिला हे नाव आहे. आपल्या राज्यात तिचे नियम १९५९ सालचे आहेत, आणि फर्लो नावाची दुसरी रजाही त्यांतच सांगितली आहे. शिक्षेत सूट देऊन मुदतीपूर्वी कायमचे मोकळे करणे ही गोष्ट याहून निराळी. तथापि मुळाशी प्रश्न एकच आहे: ह्या मनुष्याच्या शब्दावर विश्वास ठेवावा काय? तो प्रश्न सोडविणाऱ्या मंडळाच्या अग्रस्थानी कसल्या मनुष्यास बसवावे, याचा विचार आज करावयाचा आहे.

२०२० साली कोरोनाची साथ आली आणि गच्च भरलेल्या तुरुंगांची चिंता उत्पन्न झाली. तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने २३ मार्च रोजी प्रत्येक राज्यास एक उच्चाधिकार समिती नेमण्यास सांगितले. तीवर कोण असावे हेही सांगितले: राज्य विधी सेवा समितीचे अध्यक्ष, गृह किंवा तुरुंग खात्याचे प्रधान सचिव आणि तुरुंगांचे महासंचालक. पुढे ८ मे रोजी महाराष्ट्राने आपले नियम सुधारले. ज्यांची शिक्षा सात वर्षांपर्यंत, त्यांस ४५ दिवसांची तातडीची रजा मिळावी. ज्यांची त्याहून अधिक, ते मागील दोन्ही वेळा ठरल्या दिवशी परत आलेले असावेत, असे ठरले. काही विशेष कायद्यांखालील कैद्यांस ही सवलत नव्हती.

त्या तिघांकडे लक्ष द्या. तुरुंगाच्या अधिकाऱ्याची दृष्टी आपल्या दरवाजावर असते, आणि ती असावीच. सचिवास उद्याच्या ओरडीची काळजी असते. म्हणून ज्याची पुढची नेमणूक लोकांच्या रागलोभावर अवलंबून नाही असा कोणी, म्हणजे न्यायाधीश, त्यांच्याबरोबर बसविला. न्यायाधीशही मनुष्यच, त्यालाही वर्तमानपत्र वाचता येते. तरी योजना शहाणपणाची होती असे मला वाटते.

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. ह्या आसनावर बसणाऱ्याच्या हातून दोन प्रकारच्या चुका होऊ शकतात. सोडू नये त्यास सोडले आणि त्याने पुन्हा गुन्हा केला, तर ती चूक सर्व जगास दिसते. सही कोणाची होती हे लोक शोधून काढतात. परंतु सोडण्याजोग्या मनुष्यास आत ठेवले, तर ती चूक कोणास दिसते? तो बाहेर येऊन नीट वागला असता ही गोष्ट सिद्ध करण्याची संधीच त्यास मिळत नाही. धुळे आणि जळगाव येथे जिल्हा कारागृहे आहेत खरी, पण लांब शिक्षेचे कैदी बहुधा नाशिकरोडच्या मध्यवर्ती कारागृहात असतात. भुसावळकडून गाडीत बसून, भाकरी बांधून, अर्ध्या तासाच्या भेटीसाठी जाणारी बायको ही त्या दुसऱ्या चुकीची एकच साक्षीदार. म्हणून भित्र्या मनुष्याचा कल नेहमी नकाराकडे असतो, आणि आपल्या भित्रेपणास तो सावधगिरी म्हणतो. न दिसणारी चूकही जो आपल्या खात्यावर मांडतो, असा मनुष्य मिळणे कठीण.

असे कोणी झाले नाहीत असे नाही. १९३९ साली औंध संस्थानात, राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांच्या आश्रयाने, मॉरिस फ्रिडमन यांच्या सूचनेवरून आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसविण्यात आले. तेथे कैद्यांस भिंतीवाचून, शेती करीत राहावयाचे होते. शांतारामबापूंच्या 'दो आँखें बारह हाथ' ह्या १९५७ च्या चित्रपटामुळे ती कथा पुष्कळांस ठाऊक आहे. मला त्यात विशेष वाटते ते हे की, एखादा कैदी पळाला असता तर दोष कोणाच्या माथी येणार हे आधीच ठरलेले होते, आणि तरीही काम झाले.

परंतु कोणी म्हणेल, मग दयाळू मनुष्य शोधावा म्हणजे झाले. तेवढ्याने भागत नाही. २००२ च्या गुजरातेतील दंगलीत बिल्कीस बानो हिच्यावर अत्याचार झाला आणि तिच्या घरची माणसे मारली गेली. खटला मुंबईत चालला व २००८ साली आरोपींस जन्मठेप झाली. ऑगस्ट २०२२ मध्ये गुजरात सरकारने अकरा कैद्यांस सोडले. गोध्र्याच्या ज्या समितीने शिफारस केली तीवर आमदारही होते. मुंबईच्या न्यायालयाचे मत विरुद्ध होते. आपणास कोणी विचारलेही नाही, असे त्या बाईने तेव्हा सांगितले. ८ जानेवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती सुटका रद्द केली. शिक्षा महाराष्ट्रात झाली असल्याने हा अधिकार महाराष्ट्र सरकारचा होता, असा निर्णय देऊन त्याने कैद्यांस दोन आठवड्यांत परत जाण्यास सांगितले. जिचे दुःख आहे तिला दाराबाहेर ठेवून केलेली दया ही दुसऱ्याच्या पैशाने केलेल्या दानासारखी असते.

पिलाताची गोष्ट आपणास पाठ आहे. सोडण्याचा अधिकार त्याच्या एकट्याच्या हाती होता. कोण निर्दोष आहे हेही त्यास कळले होते. तरी त्याने निवड जमावावर सोपविली, बरब्बा सुटला, आणि हात धुण्यास पाणी आणले गेले. त्यास कायदा ठाऊक नव्हता असे नाही. उलट इथ्रोने आपल्या जावयास न्याय करणारे निवडण्याविषयी जी सल्ला दिली तीत विद्वत्तेचा उल्लेखही नाही. कर्तबगारी, देवाचे भय, सत्य आणि लाचेचा तिटकारा एवढेच त्याने मागितले. आजच्या कामास कायद्याचे ज्ञानही लागते, हे मी नाकारीत नाही. २००० साली लक्ष्मण नस्कर यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पाहावयाच्या गोष्टी सांगितल्या: गुन्ह्याचा परिणाम समाजावर झाला की काही व्यक्तींपुरता, तो पुन्हा घडण्याचा संभव, गुन्हा करण्याची शक्ती उरली आहे काय, आणखी कोंडून काय साधेल, घरची स्थिती कशी आहे. यांतील काहींची उत्तरे कागदात सापडतात. इतरांसाठी त्या मनुष्यासमोर बसून त्याचे ऐकावे लागते, आणि त्यास वेळ लागतो. ज्यास वेळ नाही असा फार मोठा मनुष्य ह्या आसनासाठी उपयोगी नाही.

शेवटी एक गोष्ट, जी आपल्या गावांशी लागून आहे. रजेचा अर्ज आला म्हणजे पोलिसांकडून गावी चौकशी होते आणि नातलगास जामीन राहावे लागते. साक्रीचा किंवा चोपड्याचा शिपाई चावडीवर येऊन विचारतो, हा मनुष्य आला तर गावास भय आहे काय? ज्याच्या घरी खून झाला तो तेथे असतो. कैद्याची म्हातारी आईही पलीकडे उभी असते. बाकीचे बहुधा खाली पाहतात, आणि शिपाई आपल्या मनाने काहीतरी लिहून घेऊन जातो. आसनावर बसलेल्या मनुष्यापुढे तोच कागद येतो.