सर्वांत मागचा दिवा

माणसाची पारख संकटात होते असे म्हणतात. माझा अनुभव थोडा निराळा आहे. संकटात सोबत्याची आठवण आपोआप होते. सुखात ती मुद्दाम ठेवावी लागते. म्हणून खरी पारख सुखातच होते, असे मला अलीकडे वाटू लागले आहे. त्याचे कारण घडले ते मावळातल्या एका माळावर, रात्री, सायकलवर बसलो असताना.

पावसाळा सरला की आम्ही सहासात जण महिन्यातून एक रात्र जाड टायरांच्या सायकली घेऊन सडक सोडतो. गाडीवाटेची चाकोरी, गुरांची पायवाट, मुरमाड उतार, कोरडे ओढे, हाच आमचा मार्ग. "दिवसा का जात नाही?" या घरच्या माणसांच्या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर आम्हांपैकी कोणाजवळही नाही. एवढेच सांगता येते की, रात्री सारे जग दिव्याच्या झोताएवढे होते. ताशी वीस किलोमीटर वेगाने सायकल सेकंदाला साडेपाच मीटर जाते. झोताची धाव सोळा मीटर धरली, तर दगड दिसल्यापासून त्याच्याशी गाठ पडेपर्यंत तीनच सेकंद मिळतात. त्या तीन सेकंदांत कालची चिंता आणि उद्याचे काम यांना शिरकाव नसतो. वाटेत बसलेला रातवा निखाऱ्यासारखे डोळे चमकवीत चाकापुढून उडतो, आणि पुन्हा ती पांढुरकी वाट तेवढी उरते. हे सुख खोटे आहे असे मी म्हणणार नाही.

आमचा एक नियम आहे: जेथे वाट फुटते तेथे पुढच्याने थांबावे, आणि मागचा दिवा दिसल्यावाचून हलू नये. प्रत्येकाने केवळ आपल्या मागच्याची काळजी घेतली की शेवटच्याची आपोआप घेतली जाते. गेल्या माघात मी पुढे होतो. उतार असा लाभला होता की, फाट्यावर ब्रेक दाबणे जिवावर आले. मी थांबलो नाही. म्हणून माझ्या मागचा थांबला नाही, आणि त्याच्या मागचाही. गावच्या देवळाच्या पारावर पाणी पिताना माणसे मोजली, तो एक कमी!

मागे राहिले होते ते आमच्यातील वडीलधारे, गणित शिकविणारे मास्तर. त्यांचा दिवा माथ्यावरच विझला होता. खिशातल्या फोनच्या मिणमिणत्या उजेडात सायकल हाती धरून ते फाट्यापर्यंत उतरले. तेथे दोन वाटा, आणि माणूस एकही नाही. त्या खोलगट जागी फोन लागत नव्हता. शहाणपणाने उजेड मालवून ते कातळावर बसून राहिले. आम्ही पोहोचलो तेव्हा चाळीस मिनिटे उलटली होती. ते रागावले असते तर मला बरे वाटले असते. ते म्हणाले, "अर्ध्या तासाने डोळे अंधाराला सरावतात, वाट चांगली दिसू लागते. फक्त एक सांगा, मी मागे आहे हे तुम्हांला केव्हा आठवले?"

परतताना मी मनाशी वकिली करून पाहिली. मास्तर काही लहान मूल नव्हते. धोका जाणून, स्वेच्छेने आले होते. संमती देणाऱ्याची हानी होत नाही, असे रोमन कायद्याचे जुने सूत्रच आहे. परंतु त्यांनी संमती दिली होती ती कशाला? दगडांना, काट्यांना, अंधाराला. सोबत्यांच्या विस्मरणाला त्यांनी संमती दिली नव्हती. किंबहुना आम्ही बरोबर आहो, या विश्वासावरच त्यांनी बाकीच्या धोक्यांना होकार दिला होता. एकटे ते त्या माळावर कधीच आले नसते. ज्या भरवशावर संमती उभी होती, तोच काढून घेऊन पुन्हा त्या संमतीचा आधार मी कोणत्या तोंडाने घ्यावा?

शर्यतीची गोष्ट वेगळी. 1976 च्या ऑक्टोबरात कॅलिफोर्नियातील मरीन परगण्यात काही तरुणांनी जुन्या, जड सायकलींवरून एका डोंगरउताराची शर्यत लावली. त्या उताराला 'रीपॅक' म्हणत. कारण खाली येईतो मागच्या चाकातील ब्रेकचे वंगण जळून जाई, आणि ते पुन्हा भरावे लागे. तेथे एकेकाला अंतराने सोडीत, व प्रत्येकाची झुंज घड्याळाशी असे. मागच्यासाठी न थांबणे हा त्या खेळाचा करारच होता. आमच्या हाती घड्याळ नव्हते. मी मात्र मनातल्या मनात शर्यत लावली होती, आणि ती इतरांना सांगितली नव्हती.

मग वेगवानाने जन्मभर मंदाच्या गतीनेच चालावे काय? असे मला वाटत नाही, आणि मास्तरांनाही ते रुचणार नाही. उतारावर मी माझ्या वेगाने जावे, फाट्यावर थांबावे. तेवढ्याने माझा आनंद खंडित होतो हे खरे, पण नाहीसा होत नाही.

हल्ली पुष्कळदा मी शेवटी राहतो. पहिल्याच खेपेस उपकाराच्या भरात माझा मोठा दिवा मास्तरांच्या पाठीवर धरला. ते ओरडले, "अहो, दिवा खाली करा! माझीच सावली माझ्या वाटेवर पडते आहे!" मी दिवा खाली वळवला व थोडे अंतर ठेवले. आता ते त्यांच्या उजेडात जातात, मी माझ्या. आणि फाटा आला की पुढे एक दिवा थांबलेला दिसतो.