कल आणि कौल

गेल्या उन्हाळ्यात विद्यानगरातील आमच्या शेजारच्या घरातली मुलगी दहावी उत्तीर्ण झाली. तिच्या शाळेने बाहेरच्या एका यंत्रणेकडून सर्व मुलांची चाचणी करवून घेतली होती. संगणकापुढे बसून पाऊण तास उत्तरे दिल्यावर काही पानांचा रंगीत अहवाल तिच्या हाती आला. त्यात उभे स्तंभ होते, टक्के होते आणि शेवटी निर्णयाचे एक वाक्य होते : तांत्रिक क्षेत्र सर्वाधिक अनुकूल. घरच्यांना समाधान वाटले, कारण इंटरला एमपीसी घ्यायचे हे घरात आधीच ठरले होते आणि आता त्यावर यंत्राची मोहर उमटली होती. अहवाल वाचायला मला बोलावले गेले, तेव्हा ती मुलगी म्हणाली, "आजोबा, मी रोज पहाटे विद्यापीठाच्या आवारात पक्षी बघायला जाते. त्याचं यात काहीच कसं नाही?" आणि क्षणभराने तिनेच उत्तर दिले, "कुणी विचारलंच नव्हतं."

हे ऐकल्यापासून एक प्रश्न माझा पिच्छा सोडीत नाही. पंधरा वर्षांच्या मुलाला 'तू अमुक होण्याजोगा आहेस' असे सांगण्याचा नैतिक अधिकार कोणाचा? आपल्या भाषेत या संदर्भात दोन शब्द जवळजवळ उभे आहेत : कल आणि कौल. कल म्हणजे ओढ, झुकाव. तो वाऱ्याने झुकलेल्या झाडासारखा असतो; वारा बदलला तर तोही बदलतो. कौल मात्र देवापुढे लावायचा असतो. पाकळी उजवीकडून पडली की डावीकडून, यावर प्रश्न निकालात निघतो. मग वाद नाही, फेरविचार नाही. शालेय व्यवसाय मार्गदर्शनाचे धोरण गेल्या शतकात ज्या वाटेने आले, ती वाट मला कलाकडून कौलाकडे घसरत गेलेली दिसते.

या विद्येचा आरंभ तसा नव्हता. १९०८ साली अमेरिकेतील बोस्टन शहरात फ्रँक पार्सन्स यांनी व्यवसाय मार्गदर्शनाची कचेरी उघडली. पार्सन्स स्वतः अभियांत्रिकी शिकलेले, पुढे शिक्षक आणि वकील झालेले गृहस्थ. म्हणजे कुठल्याही एका रकान्यात न बसणारे. त्यांची पद्धत साधी होती. आधी स्वतःला ओळखा, मग कामांचे जग ओळखा, आणि मग या दोहोंचा मेळ विचारपूर्वक घाला. तिसरी पायरी त्या तरुणानेच चढायची होती. मार्गदर्शकाने केवळ सोबत करायची होती. आपल्याकडे स्वातंत्र्यानंतर १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने माध्यमिक शाळांसाठी मार्गदर्शन अधिकारी आणि करिअर मास्तर यांची शिफारस केली. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने तर मार्गदर्शन हा शिक्षणाचाच अविभाज्य भाग मानला. दोन्ही आयोगांच्या कल्पनेच्या केंद्रस्थानी माणूस होता. परंतु तो माणूस बहुतेक शाळांना कधी मिळालाच नाही, आणि त्याची रिकामी खुर्ची पुढे यंत्राला देण्यात आली.

महाराष्ट्राचा अनुभव या दृष्टीने बोधप्रद आहे. २०१६ पासून तेथील शासनाने दहावीच्या सर्व विद्यार्थ्यांची 'कल चाचणी' घेण्यास प्रारंभ केला. कृषी, कला व मानव्यविद्या, वाणिज्य, ललित कला, आरोग्य, तांत्रिक आणि गणवेशधारी सेवा अशा सात क्षेत्रांत लाखो मुलांचा कल मोजला जाऊ लागला. आधी ही चाचणी शाळेतील संगणकांवर होई, नंतर ती मोबाइल ॲपवर आली. २०२० साली युनिसेफच्या साहाय्याने नववी ते बारावीच्या मुलांसाठी करिअरविषयक संकेतस्थळ निघाले. अभ्यासक्रम, महाविद्यालये, शिष्यवृत्त्या यांची माहिती एका ठिकाणी मिळू लागली. कल चाचणी महासाथीच्या काळात मागे पडली, पण तिच्यामागची कल्पना मात्र देशभर पसरली आहे. आज खासगी शाळांतून तीच विकत मिळते.

यंत्राला दोष देण्यापूर्वी त्याची बाजू न्यायाने मांडली पाहिजे. आपल्यासारख्या कुटुंबांना मार्गदर्शन कोण करीत असे? कुणाचे मामा हायकोर्टात होते, कुणाचे काका रेल्वेत. सुलतान बाजारातल्या एखाद्या बैठकीत शब्द टाकला जाई आणि मुलाची सोय होई. त्याला आपण आपुलकी म्हणत आलो. ज्यांचा मामा हायकोर्टात नव्हता, त्यांच्या दृष्टीने ते एक बंद दार होते. गडचिरोलीतल्या किंवा आदिलाबादेतल्या मुलीला जर मोबाइलच्या पडद्यावर कळत असेल की मत्स्यविज्ञान नावाची पदवी असते आणि तिच्यासाठी शिष्यवृत्तीही असते, तर यंत्राने तिच्यापुरता आपल्या सर्व मामा-काकांचा पराभव केला आहे, आणि तो झाला हे बरेच झाले. माहितीच्या बाबतीत तंत्रज्ञान हा समतेचा मोठा आधार आहे. माझी शंका माहितीविषयी नाही, निवाड्याविषयी आहे.

ही शंका आपल्या हैदराबादी मराठी घरांना सहज समजावी, कारण आपला इतिहासच तिचा पुरावा आहे. आपले पूर्वज निजामाच्या राज्यात आले किंवा तेथेच होते, तेव्हा कारभाराची भाषा फारसी होती. १८८४ च्या सुमारास ती उर्दू झाली. मोडीत वळण गिरवलेल्या बोटांनी नस्तालिक गिरवली. १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ उर्दू माध्यमातून सुरू झाले आणि आपली मुले तेथे शिकली. १९४८ च्या सप्टेंबरात राज्य बदलले, विद्यापीठाचे माध्यम इंग्रजी झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात गेला. कित्येक घरांतला एक भाऊ औरंगाबादेस गेला आणि एक येथेच राहून तेलुगू शिकला. १९९८ मध्ये सायबर टॉवर्स उभे राहिले आणि नातवंडांनी संगणकाची भाषा उचलली. आता १९१० साली एखाद्या उर्दू मुन्शीच्या मुलाची चाचणी घेतली असती, तर अहवालात काय आले असते? 'उर्दू कारकुनीस अत्यंत अनुकूल.' आणि तो अहवाल खरा असता! त्या वेळेपुरता खरा. चाळीस वर्षांनी त्याच माणसाला टिकवले ते त्याच्या कलाने नव्हे, पुन्हा शिकण्याच्या तयारीने. ही तयारी कोणत्या स्तंभात दाखवायची?

याहून बोलके उदाहरण आपल्या अगदी जवळचे आहे. चिंतामणराव देशमुखांनी १९१२ मध्ये मॅट्रिकला संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवली. केंब्रिजमध्ये ते निसर्गविज्ञान शिकले आणि वनस्पतिशास्त्राचे पारितोषिक पटकावले. पुढे ते आय.सी.एस. झाले, १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, नंतर देशाचे अर्थमंत्री झाले. आणि या सगळ्यातून वेळ काढून त्यांनी मेघदूताचा मराठी अनुवाद केला. १९८२ मध्ये याच हैदराबादेत त्यांचे निधन झाले. त्यांचा कल कोणता? संस्कृत, वनस्पती की अर्थकारण? त्यांच्या सहधर्मचारिणी दुर्गाबाई १९०९ साली राजमहेंद्रीला जन्मल्या. बालपणीच त्यांचे लग्न लावून देण्यात आले होते. त्या काळाचा कोणताही अहवाल त्यांच्यासाठी 'गृहिणी' हे एकच पद सुचवता. दुर्गाबाईंनी तो कौल मानला नाही. त्या सत्याग्रहात तुरुंगात गेल्या, वकील झाल्या, संविधान सभेत बसल्या आणि त्यांनी आंध्र महिला सभा उभारली. आपल्या भागात त्यांच्या नावाचे रुग्णालय आहे. त्याच्यासमोरून जाताना मला हे नेहमी आठवते. दोघेही असामान्य होते, हे मान्य. पण सामान्य माणसाचा स्वभावही इतका एकेरी नसतो; फक्त त्याचे चरित्र कोणी लिहीत नाही.

येथे प्रश्नाचे मर्म येते. पावसाचा अंदाज वर्तवल्याने पाऊस बदलत नाही. मुलाचा अंदाज वर्तवल्याने मूल बदलते. 'तुझा कल गणिताकडे नाही' हे वाक्य ऐकल्यावर ते मूल गणिताची वही उघडण्यापूर्वी एकदा थबकते. ती थबक हळूहळू स्वभाव होते, आणि मग अहवाल खरा ठरल्याचे आपण कौतुक करतो. म्हणून मुलाविषयीचे भाकीत ही केवळ माहिती नसते, ती एक कृती असते. आणि प्रत्येक कृतीला कर्ता हवा, जबाबदारी घेणारा हवा. मामाने चुकीचा सल्ला दिला तर पुढची वीस वर्षे त्याला प्रत्येक लग्नात त्या भाच्याचा चेहरा पाहावा लागे. यंत्राला लग्नाचे आमंत्रण नसते.

जबाबदारी निराकार झाली की काय होते, ते आपण २०१९ च्या एप्रिलमध्ये पाहिले आहे. तेलंगणच्या इंटर परीक्षेच्या निकालात संगणकीय प्रक्रियेतील आणि गुण भरण्यातील चुका झाल्या. एका विद्यार्थिनीला तेलुगूत शून्य गुण दाखवले गेले. तपासणीअंती ते ९९ निघाले. त्या दिवसांत वीसहून अधिक मुलांनी आत्महत्या केल्या. प्रत्येक मृत्यूचे कारण कोणी एका आकड्यात सांगू नये. परंतु पडद्यावरच्या आकड्याला मुले किती निर्विवाद मानतात, आणि तो आकडा चुकल्यावर जाब विचारायला समोर माणूस सापडत नाही, हे दोन्ही त्या वेळी दिसले.

मग धोरण कसे असावे? २५ जुलै २०२५ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने, विशाखापट्टणमला शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात, शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थांना किमान एक प्रशिक्षित समुपदेशक बंधनकारक केला आणि विद्यार्थी व पालक या दोघांसाठी नियमित करिअर मार्गदर्शन सांगितले. पालकांचा उल्लेख मला फार मोलाचा वाटतो, कारण अनेकदा चाचणी मुलाची होते आणि तिचा उपयोग पालकांचे मन शांत करण्यासाठी होतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावीपासून कामांची प्रत्यक्ष ओळख आणि दहा दिवस दप्तराविना शाळा सुचवली आहे. सुताराच्या, कुंभाराच्या, माळ्याच्या हाताखाली काही दिवस काढल्यावर मुलाला स्वतःविषयी जे कळते, ते शंभर प्रश्नांनी कळत नाही.

पण माझ्या मते खरी कसोटी वेगळीच आहे. मार्गदर्शनाचे धोरण त्याचे अंदाज किती अचूक आहेत यावर तोलू नये. अंदाज चुकल्यास परतीची वाट किती मोकळी आहे, यावर तोलावे. सोळाव्या वर्षी एमपीसी घेतलेल्या मुलाला सतराव्या वर्षी जीवशास्त्राकडे वळावेसे वाटले, तर त्याची वर्षे, फी आणि घरातली पत यांचा हिशेब त्याला वळू देतो का? देत नसेल, तर चाचणी कितीही सूक्ष्म असो, आपण त्याला कौलच लावायला सांगत आहोत. यावर कोणी म्हणेल की सोळाव्या वर्षी काहीतरी ठरवावे लागतेच. खरे आहे. निर्णय टाळता येत नाही. मात्र तो आपला आहे, अपुरा आहे आणि दुरुस्त करता येण्याजोगा आहे, एवढे त्या मुलाला सांगता येते. हे सांगणे यंत्राला जमत नाही, कारण त्यासाठी आधी स्वतः कधीतरी चुकलेले असावे लागते.

शेजारच्या मुलीने शेवटी एमपीसीच घेतले. ती निवड चुकली असे मी म्हणत नाही. कदाचित अहवाल बरोबरही असेल. मी तिच्या वडिलांना एवढेच विचारले, की वर्षभराने तिला बदल करावासा वाटला तर तुम्ही करू द्याल का? ते बराच वेळ अहवालाची पाने चाळीत राहिले. मग म्हणाले, "बघू." त्या 'बघू'मध्ये नकार नव्हता, आणि अहवालात नसलेली एक जागा तिथे उघडी राहिली होती. मुलगी अजूनही पहाटे विद्यापीठाच्या आवारात जाते.