घडवणाऱ्याचा वाटा

समुद्रापासून शेकडो मैल दूर राहणाऱ्या आम्हा नागपूरकरांना जहाजांशी काय कर्तव्य, असे कोणी म्हणेल. परंतु १८१७ साल म्हटले की मला सीताबर्डीबरोबर एक जहाजही आठवते. त्या वर्षी १२ ऑक्टोबरला मुंबईच्या गोदीत जमशेटजी बमनजी वाडियांनी बांधलेले ‘त्रिंकोमाली’ हे सागवानी लढाऊ जहाज इंग्रज आरमारासाठी पाण्यात उतरले. आणि २६-२७ नोव्हेंबरला सीताबर्डीच्या टेकड्यांवर अप्पासाहेब भोसल्यांच्या फौजेचा पराभव झाला. कंपनीच्या बाजूने लढणारे बहुतेक शिपाई हिंदीच होते.

याच जमशेटजींनी १८१३ साली ‘कॉर्नवॉलिस’ बांधले होते. अफूच्या युद्धात ते चीनवर चालून गेले. १८४२ साली त्याच्यावरच नानकिंगचा तह झाला आणि हाँगकाँग इंग्रजांच्या घशात गेले. ‘त्रिंकोमाली’चे नशीब निराळे. इंग्लंडात पोहोचल्यावर ते पंचवीसएक वर्षे बंदरातच पडून राहिले. पुढे दूरच्या समुद्रांत पहाऱ्याला गेले, पण लढाई त्याच्या वाट्याला आली नाही. नंतर त्यावर मुले नाविकविद्या शिकली. आज ते हार्टलपूलला पाण्यावर उभे आहे आणि लोक हौसेने पाहायला जातात.

हात तोच, सागवान तेच. मग एका जहाजाचे पाप आणि दुसऱ्याचे पुण्य जमशेटजींच्या नावे मांडायचे काय? ते तर १८२१ सालीच वारले. चीनचे युद्ध त्यांच्या स्वप्नातही नसेल. तेव्हा फळावरून घडवणाऱ्याची किंमत करणे अन्यायाचे होईल.

पण म्हणून ‘मी फक्त घडवतो, पुढचे मला ठाऊक नाही’ हे म्हणणेही मला पटत नाही. जहाजाच्या कुशीत तोफांसाठी खिडक्या कापताना, त्या कशासाठी आहेत हे कोणत्या सुताराला कळत नाही? गीतेने फळाची आशा सोडायला सांगितले. हेतू विचारायला मनाई केलेली नाही. पुढे काय होईल ते आपल्या हाती नसते, परंतु काम कोणासाठी आणि कशासाठी, एवढे हत्यार उचलण्यापूर्वी विचारता येते. पोटासाठी पुष्कळदा आपण विचारत नाही. सीताबर्डीच्या त्या शिपायांनी तरी कुठे विचारले असेल?

लक्ष्मीपूजनाला आपण जमाखर्चाच्या वहीला हळदकुंकू वाहतो. पैसा कुठून आला, कुठे गेला, सारे तीत असते. आपली मेहनत कुठे गेली, याचे पान मात्र तीत नसते. यंदा एक कोरे पान त्यासाठी ठेवावे म्हणतो.